जावाच्या मिस्त्रीकाकांना जाहीर आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

गाडी ताब्यात दिलीत तेव्हा "चालू झाली न्हवं ताई? मग झालं तर," एवढंच म्हणालात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलात. मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. ते आता चारचौघांत सांगते, कारण जुनी जावा मोटारसायकल दारात असलेली पुष्कळ माणसं माझ्यासारखीच अडलेली असतात: गाडी ओरिजिनल ठेवायची की चालवायची?

बाबांची जावा १९६९ची, म्हैसूरच्या आयडियल जावाची. १९६१ साली सुरू झालेला तो कारखाना १९९६ साली बंद पडला, आणि तेव्हापासून आपण सगळे मिळेल त्या पार्टवर गाड्या ओढतोय. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटला जोडलेले हल्लीचे कंडेन्सर इंजिन तापलं की दगा देतात. पॉइंटचा गॅप, म्हणजे त्यातली फट, ०.४ मिलिमीटरवर बसवावा तर थोड्याच दिवसांत पुन्हा हललेला. त्यात वीज तयार करणारा डायनॅमो सहा व्होल्टचा. इंजिन सावकाश फिरत असलं की तो बॅटरीला फारसं काही देत नाही, आणि प्लगची ठिणगी, हेडलाइट, हॉर्न हे सगळं त्याच बॅटरीवर. फोंडा घाटात रात्री दुसऱ्या गिअरमध्ये चढताना दिवा मंद व्हायचा आणि त्याच्यामागोमाग इंजिनही मिस मारायचं. घाटातल्या धुक्यात तो प्रकार अनुभवलेल्याला मी काय म्हणते ते कळेल.

डायनॅमो आणि पॉइंट दोन्हींच्या जागी बसणारं, मॅग्नेटवर चालणारं झेक बनावटीचं बारा व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक किट घेऊन मी तुमच्याकडे आले, तर तुम्ही खोकं उघडलंसुद्धा नाही. उजवीकडचं कव्हर काढलंत, डायनॅमोचं आर्मेचर धरून क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, वर-खाली हलवून बघितलीत. "किट लई भारी हाय ताई, पण बेअरिंग ढिलं असंल तर मॅग्नेट आत घासणार. आधी ते बघू." बेअरिंग ठीक निघालं, पण ऑइल सील गेलेलं होतं. ते बदलल्यावरच खोकं उघडलं. पॉइंटचा गॅप का टिकत नाही, क्रँक हलत असेल तर तो कसा टिकणार, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं. याआधी एका ठिकाणी मी काहीही विचारलं की उत्तर माझ्याबरोबर आलेल्या भावाला मिळायचं. तुम्ही फट मोजायचा फिलर गेज माझ्या हातात दिलात.

मॅग्नेट बसतो तो क्रँकच्या टोकाचा निमुळता टेपर पेट्रोलने पुसून पूर्ण कोरडा केलात, ग्रीसचा थेंबही लागू दिला नाहीत. मॅग्नेटच्या रोटरवर हातोडी चालवायची नाही, काढायचा झाला तर पुलरनेच, हे तुम्ही शेजारच्या पोराला दरडावून सांगत होतात आणि मी ते मनात लिहून घेत होते. मग प्लगच्या भोकातून पिस्टनची उंची मोजून ठिणगीचं टायमिंग. किटवर खुणा असतातच, पण तुम्ही मॅन्युअलमधल्या मिलिमीटरशी ताडून बघेपर्यंत नट घट्ट केला नाहीत.

सगळ्यात मोठे आभार मात्र स्विचच्या कामाबद्दल. जावाची ती खिळ्यासारखी चावी काढली की कॉइलचा करंट तुटतो आणि गाडी बंद होते. नव्या किटचं बरोब्बर उलटं: एका तारेला अर्थ मिळाला, म्हणजे ती गाडीच्या धातूला जोडली गेली, की ठिणगी थांबते, तार सुटी असली की इंजिन चालू. जुन्या चावीशी ते जुळवायला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, टाकतात. तुमचं म्हणणं असं की रिले ओढायला बॅटरी लागते. बॅटरी उतरली तर रिले अर्थ सोडणार नाही, आणि मग बॅटरीशिवाय किकवर सुरू होणारं किट बसवून उपयोग काय? म्हणून सीटखाली एक छोटा वेगळा स्विच. चावी दिव्यांसाठी, तो स्विच इंजिनसाठी. बॅटरी काढून बाजूला ठेवलीत आणि मला किक मारायला लावलीत. गाडी सुरू झाली. हे गणित मी बऱ्याच जाणत्यांना विचारलं होतं, इतकं सरळ कुणी सोडवलं नव्हतं.

अर्थिंगचंही तसंच. फ्रेमला पावडर कोटिंग केलेलं, म्हणजे बोल्ट कितीही आवळा, करंटला वाट नाही. तुम्ही रेग्युलेटरच्या बोल्टखाली रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत केलीत, आणि तिथून इंजिनपर्यंत वेगळी तार नेलीत. मग एकेक बल्ब हातात घेऊन, पुसून, टोपीवरचा आकडा टॉर्चच्या उजेडात वाचलात. मीटरमधला इवलासा बल्ब सहा व्होल्टचाच राहिला होता. तो तसाच राहता तर पहिल्या किकला उडाला असता.

आणि हे सगळं करताना गाडीला एकही नवं भोक पाडलं नाहीत, जुनी एकही तार कापली नाहीत. जुनं वायरिंग अख्खंच्या अख्खं उतरवून पिशवीत भरलंत. डायनॅमो साफ करून, कार्बन काढून, तेलाच्या कागदात गुंडाळून दिलात. "उद्या कुणाला वाटलं तर दोन तासांत पहिल्यासारखी करून देतो." ओरिजिनलपणाची काळजी खरी असणाऱ्यांनी एवढंच बघावं असं मला वाटतं. हेडलाइट पेटत नाही म्हणून हॉलमध्ये उभी केलेली जावा जपली गेली, असं मी म्हणणार नाही.

३५ वॅटच्या दिव्याला सहा व्होल्टवर जवळजवळ सहा अँपिअर लागतात, बारावर तीन. तुम्ही हे मला पाटीवर खडूने मांडून दाखवलं होतंत. परवा फोंड्याहून रात्री चढताना दिवा शेवटपर्यंत एकसारखा राहिला. आई मागे बसली होती. "गाडी बदललीस का गं?" असं तिने राधानगरीत उतरून विचारलं.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जमतात, तेव्हा यंदा तुम्ही यायचं आहे. सीटखालच्या स्विचबद्दल लोक विचारणार, आणि ते तुम्हीच सांगितलेलं बरं. काकूंनाही घेऊन या. क्लचची केबल मिळाली आहे, ती घेऊन मी सोमवारी येतेच.

तुमची,
जावावाली ताई