आदू बार्शीतून बटण दाबतो

निशी-कासाई, टोकियो

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

पत्राला उशीर झाला, पण मी अगदी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, मेतकूट पुरतंय, थंडीचं जाकीट घेतलंय.

बाबा, ‘आदूला नसता नाद लावलास’ म्हणालात ते मनाला लागलं, म्हणून नीट सांगतो. निन्टेंडो स्विच, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, माझ्या खोलीत आहे आणि आदू बार्शीतून त्याची बटणं दाबतो. त्याच्या डॉकला, म्हणजे टीव्हीशी जोडणाऱ्या बैठकीला, बोटाएवढा एक बोर्ड जोडलाय, रास्पबेरी पाय पिको. २०२१ च्या जानेवारीत तो आला तेव्हा ४ डॉलरला होता, म्हणजे तीनशे रुपयांच्या आत. ‘मी तारेचा कंट्रोलर (बटणांचा हातातला संच) आहे’ असं हा बोर्ड स्विचला सांगतो आणि स्विच ते मानतं. यंत्र उघडलेलं नाही, आतलं काही बदललेलं नाही. यात चोरी नाही की हॅकिंग नाही, पोलिसांची भीती तर मनातून काढूनच टाका. अनोळखी लोकांशी ऑनलाइन सामने असतात, तिथे मी हे वापरत नाही. विजेचं म्हणाल तर छताच्या पंख्याहून कमी लागते.

पोकेमॉन स्वोर्ड हा आदूचा खेळ, प्राणी पाळून लढवायचा. त्यात अंडं उबवायला सायकलवरून नुसत्या फेऱ्या माराव्या लागतात. वेगळ्या रंगाचं, शायनी पिल्लू एरवी ४०९६ मध्ये एक. आईबाप दोन वेगळ्या भाषांतल्या खेळांतले असले तर साधारण ६८३ मध्ये एक. आदूला ते हवंच आहे. त्या फेऱ्या आता पिको रात्रभर मारतो, म्हणून तर त्याचा अभ्यास बुडत नाही! वहिनीला हे जरूर सांगा. आधी बटणांच्या वेळा फक्त मिलिसेकंदांत बांधल्या होत्या. एक दाब हुकला की पुढचं सगळं भलतीकडे जायचं. आता स्वस्तातलं कॅप्चर कार्ड पडद्यावरचं चित्र संगणकाला देतं, तो रंग ताडून पाहतो आणि मगच पुढचं बटण दाबायला लावतो.

आदू शाळेतून येऊन, खाऊन सहाला बसतो, तेव्हा इथे साडेनऊ वाजलेले असतात. त्याने तिकडे कळ दाबली की इंटरनेटवरून ती माझ्या रास्पबेरी पायला, म्हणजे पिकोच्याच कंपनीच्या छोट्या संगणकाला, मिळते, तिथून पिकोला, तिथून स्विचला. चित्र परत त्याच्यापर्यंत जायला क्षणभर लागतो, त्यामुळे पळापळीचे खेळ जमत नाहीत. पोकेमॉनमध्ये आपण चाल करेपर्यंत लढाई थांबून राहते, म्हणून तो बरा. पण बाबा, नुसत्या व्हिडिओ कॉलवर तो ‘काका, कसा आहेस’ म्हणून पळतो. खेळताना तासभर बोलतो: शाळेचं, मित्रांचं, आजीच्या गुडघ्याचंसुद्धा. आई, गुडघा एवढा दुखतोय हे तू मला का नाही सांगितलंस?

महागडं यंत्र घेतलं असंही समजू नका. इथे हार्ड ऑफ नावाची जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. त्यांत ‘जंक’चा वेगळा कोपरा असतो, निळ्या टोपल्या भरून. बिघडलेल्या किंवा तपासून न पाहिलेल्या वस्तू, हमी नाही, परत घेणार नाहीत. आणि तरी प्रत्येकीवर चिठ्ठी: चालू होते पण आवाज नाही, चार्जर नाही, तपासलेलं नाही. दोष दुकानदारच लिहून ठेवतो! लोक शांतपणे एकेक चिठ्ठी वाचतात. कोणी सुट्या भागांसाठी घेतं, कोणी दुरुस्त करायला. घासाघीस कोणीच करत नाही. बिघडलेली वस्तू विकतात आणि ती घ्यायला माणसं उभी असतात, हे पहिल्यांदा मला खरंच वाटेना. माझ्या स्विचवर ‘स्क्रीन फुटलेला, टीव्हीवर चित्र येतं’ असं होतं. मला तेवढंच हवं होतं.

हॉलचा ॲडव्हान्स दादाच्या खात्यात पाठवलाय, पावती मागून घ्या. सोनाराचे पुढच्या महिन्यात नक्की. छकुलीच्या साखरपुड्याला मी नव्हतो, पैसे पाठवून ते भरून येत नाही हे मला कळतं. माघातल्या लग्नाची रजा मागितली आहे. साहेबांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. छकुलीला एवढ्यात काही बोलू नका. आई, सोलापूरच्या मुलीचा फोटो पाहिला. आल्यावर भेटतो, तोवर त्यांना शब्द देऊ नकोस. गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात काढ, त्याचे वेगळे पाठवतो.

तुमचा,
बाळू