गोधडीखाली शिवणारीचं नाव लिहा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. राज्याची वस्तुसंग्रहालयं आपल्या खात्याकडे येतात, म्हणून आपल्याला लिहिते आहे. मागणी एकच आहे. संग्रहालयांसाठी गोधड्या विकत घ्या, आणि प्रत्येकीखाली शिवणाऱ्या बाईचं नाव लिहा.

चित्र म्हटलं की कला आणि गोधडी म्हटलं की हस्तकला, ही वाटणी आपल्या अंगवळणी पडली आहे. चित्राखाली चित्रकाराचं नाव हवंच. गोधडीखाली फार तर गावाचं. कारण काय, तर ती पांघरायची वस्तू. सगळ्याच गोधड्या कला आहेत असं मीही म्हणत नाही. थंडीच्या तोंडावर हाताला येईल ती चिंधी लावून उरकलेली वाकळ ऊब देते, तेवढंच तिचं काम.

पण एखाद्या जाणत्या बाईला गोधडी शिवताना बघा. जुनं लुगडं अंथरून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आत जुनी धोतरं, विरलेल्या चादरी सारख्या पसरायच्या, वर दुसरं लुगडं. लांब टाके घालून सगळं टाचून घ्यायचं आणि कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत जायचं. इथवर कसब झालं. इरकलीचा काठ मधोमध घ्यायचा की कडेला, खणाचे त्रिकोण एकाआड एक लावायचे की हिरव्यांत एकच लाल सोडायचा, हे मात्र तिला कुणी सांगत नाही. समोर कागदावर नक्षीही नसते. ती तुकडा ठेवते, मागे सरून बघते, उचलून दुसरीकडे ठेवते. कॅनव्हाससमोर चित्रकार याहून वेगळं काय करतो?

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलं होतं. कवंदी शिवून झाली की चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेली फुलं लावतात. त्यांनी ऊब तसूभरही वाढत नाही. तरी फुलं नसतील तर कवंदी उघडी, अपुरी समजतात. गरज संपल्यावरही हात का थांबत नाही, याचं उत्तर ज्याला हवं त्याने ते कोपरे बघावेत.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. लग्नात भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहिणाऱ्या वारली सुवासिनींची नावं कुणी टिपून ठेवली नाहीत. पुढे जिव्या सोमा म्हसे कागदावर चित्रं काढू लागले, चित्राखाली नाव आलं, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या, गुलामांच्या वंशातल्या काळ्या स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, त्यांच्या नावांनिशी. २००६ मध्ये त्यांवर टपाल तिकिटंही निघाली. मात्र २००७ मध्ये त्यांतल्या काही जणींना पैशांसाठी कोर्टात जावं लागलं. म्हणून आपल्याकडे आधीच नियम करा: गोधडीची रास्त किंमत शिवणारीच्या हातात पडावी, आणि तिची मांडणी साडीवर, पिशवीवर छापायची तर तिची लेखी परवानगी आणि मोबदला असावा.

हे काम लांबवू नका. गोधडी झिजली की नव्या गोधडीच्या पोटात भर म्हणून जाते, त्यामुळे जुन्या फारशा उरत नाहीत. ज्यांनी त्या शिवल्या त्या आज्या थकल्या आहेत, पण कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा हे अजून बोट ठेवून सांगतात. येत्या हिवाळ्यात एका तालुक्यापासून सुरुवात करा. संग्रहालयाचा माणूस वही घेऊन त्यांच्या दारी पाठवा, आणि गोधडीबरोबर त्यांचं नाव, गाव आणि त्या जे सांगतील ते सगळं लिहून घ्या.

आपली,
एक नागरिक