तंबाखूच्या बोदाशेजारची बॅटरी

बेळगाव,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय गड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र बेंगळुरूच्या खोलीवर येऊन पडलं होतं. निघायच्या गडबडीत ते पिशवीत टाकलं आणि राणी चन्नम्मा गाडीत वरच्या बर्थवर पडून दोनदा वाचलं. आता टिळकवाडीत घरी बसून लिहितोय. आई आत्ताच झोपली. पावसाला उसंत नाही, आणि गणपती तर आठ दिवसांवर आलेत.

पुतण्या फवारणीचा ड्रोन घ्यायचा म्हणतोय, शहरातला एकजण स्वस्तात द्यायला तयार आहे, 'कागद मागनं करू' म्हणतोय, तर घ्यावा का, असं तू विचारलंस. घेऊ नये. पण एवढं लिहून पाकीट चिकटवलं, तर पोरगं दुसऱ्या कुणाकडून तसलाच ड्रोन आणेल. म्हणून गेल्या महिन्यात काय घडलं ते सगळं लिहितो. हे मी ऑफिसच्या अहवालातही लिहिलंय, पण अहवालात जे मावत नाही ते तुला सांगायचंय.

एका ड्रोन प्रशिक्षण केंद्राच्या तपासणीसाठी निपाणीकडं आलो होतो. तिथं शिकून गेलेल्या पायलटांना गावात जाऊन भेटायचं, असा माझा रिवाज आहे. वर्गात सगळे माना हलवतात. खरं काय ते बांधावर कळतं. वेदगंगेच्या काठच्या एका गावात बचत गटाकडं ड्रोन आला होता. केंद्राची ती नमो ड्रोन दीदी योजना तुला माहीत असेल, १५,००० गटांना ड्रोन द्यायचे, किमतीच्या ८० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ८ लाख रुपये सरकार देणार. गटातली एक ताई पायलट झाली होती. दहावी पास, मराठी शाळेतली. दहावी झालेली आणि १८ वर्षं पुरी झालेली व्यक्ती पायलट होऊ शकते, हे नियमातलं कलम मला मनापासून आवडतं.

तुला ऊस ठाऊक आहे. आषाढानंतर तो डोक्यावर गेला की पाठीवर पंप घेऊन आत शिरणं म्हणजे शिक्षा. पातीनं गाल आणि हात कापतात, औषध स्वतःच्याच तोंडावर येतं. १० लिटरची टाकी घेऊन ड्रोन उठला की एकर सात-दहा मिनिटांत उरकतो. म्हणून सांगतो, मी या यंत्राच्या विरोधात नाही. ज्या बाईनं दहा वर्षं दुसऱ्याच्या शेतात भांगलण केली, ती आता बांधावर रिमोट घेऊन उभी असते आणि शेतमालक तिला 'कधी येताय?' असं विचारतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर बैठक झाली, चहा झाला. 'काही अडचण?' 'काय न्हाई साहेब.' मी उठलो. ती ताई चपला घालेपर्यंत मागं मागं आली आणि हळू म्हणाली, 'साहेब, येक इचारू? येक लाख कुठनं आणू मी? म्हसरं इकली तरी व्हनार न्हाई बगा.'

मी परत आत जाऊन बसलो.

ड्रोन पडून तीन दिवस झाले होते. भरली टाकी घेऊन उठला, शेताच्या मध्यावर पोचतो तोच बॅटरी उतरल्याचा इशारा आला आणि तो आपोआप घरी, म्हणजे उठला होता त्या जागी, परत निघाला. परत येताना किती उंचीवरून यायचं हे सेटिंगमध्ये आधी भरून ठेवावं लागतं. ते होतं १० मीटर. वाटेत बांधावरचा माड त्याहून उंच. झावळ्यांत अडकून ड्रोन उसात कोसळला. माडाच्या पलीकडं वीस पावलांवर ११ केव्हीची विजेची लाईन आहे. माड नसता तर पुढं काय होतं ते मी त्या ताईला सांगितलं नाही.

ती उंची बदलता येते हेच तिला माहीत नव्हतं. शिकवणारा हिंदीत शिकवत होता, मध्येच इंग्रजीत जात होता. पुस्तक इंग्रजीत. तिनं मान हलवली आणि परीक्षाही पास झाली. यात तिची चूक कुठं होती ते मला अजून सापडलेलं नाही.

ड्रोन तिनं गोठ्यात पोत्यांखाली झाकला होता. मी विचारलं, बॅटरी कुठाय? ती आतल्या खोलीत घेऊन गेली. निपाणीच्या बाजूची घरं तुला सांगायला नकोत. खोलीभर तंबाखूचे बोद, म्हणजे बांधलेले गठ्ठे, रचलेले, वर्षभर भाव येण्याची वाट बघत थांबलेला कोरडा माल. त्या बोदांच्या फटीत, साडीत गुंडाळून, ती बॅटरी. फुगून भाकरीसारखी झालेली.

गड्या, लिथियमची बॅटरी फुगली की आत वायू धरलेला असतो. पडल्यावर आत कुठं पापुद्रा फाटला असेल तर ती तासानं पेटेल, नाहीतर चौथ्या दिवशी मध्यरात्री. पेटली की एक सेल दुसऱ्याला पेटवतो आणि साध्या बादलीभर पाण्याला दाद देत नाही. शेजारच्या खोलीत तिची दोन लेकरं आणि सासू झोपत होती. मी एका शब्दानं ओरडलो नाही. घमेल्यात वाळू मागवली, बॅटरी हळू उचलून त्यात ठेवली, वरून वाळू घातली आणि घमेलं परड्याच्या टोकाला, गंजीपासून लांब, उघड्यावर नेऊन ठेवलं. मग हात धुतले. माझे हात कापत होते, ते तिला दिसलं.

बॅटरी आधीपासून थोडी फुगलेली होती, असं तिनंच सांगितलं. पुरवठादाराला फोन केला होता, तो म्हणाला 'चालतंय.' ड्रोनमधली नोंद काढून बघितली तर तेच निघालं. जमिनीवर सेल भरलेला दिसतो, ४.२ व्होल्ट, पण टाकीचं ओझं घेऊन उठताना व्होल्टेज धाडदिशी खाली येतं. म्हातारा बैल रिकामा चालतो, गाडी भरली की गुडघे टेकतो, तसं.

आता ज्यासाठी एवढं लिहितोय ते. २०२१ च्या ड्रोन नियमांत दोन आकडे आहेत. नियम मोडला तर १ लाख रुपयांपर्यंत दंड, हा एक. अपघात झाला तर पायलटनं ४८ तासांत कळवायचं, हा दुसरा. पहिला आकडा त्या गावात पोराबाळांना पाठ होता. दुसरा एकालाही माहीत नव्हता. तिनं मुद्दाम काही लपवलं नव्हतं रे. तिच्यापर्यंत कायद्याचा फक्त धाकच पोचला होता, त्यातली मदत पोचलीच नव्हती.

आणि तो धाक पोचवण्यात माझाही हात आहे. दोन वर्षांपूर्वी सांबऱ्याच्या बाजूला एक तरुण भाजीवर फवारणी करताना सापडला. तिथल्या विमानतळाच्या कुंपणाजवळच्या पट्ट्यात परवानगीशिवाय पिकावर दोन मीटर उंचीवरही ड्रोन उडवायचा नाही. नियम बरोबरच आहे. लहानपणी आपण दोघं ज्या कुंपणाला नाक लावून विमानं बघायचो, तिथं उतरणाऱ्या विमानासमोर २५ किलोचं यंत्र आलं तर काय, हे मला चांगलं कळतं. पण मी भर चौकात, लोकांच्या देखत, त्याला इंग्रजीत कलमं वाचून दाखवली. त्यानंतर त्या भागात कधीही विचारा, 'सगळं बेस्ट साहेब.' सहा महिन्यांनी आईला भाजी घालणाऱ्या मावशीकडून कळलं, तिथल्याच एका मजुराच्या हाताला ड्रोनचं पातं लागलं होतं, सात टाके पडले. डॉक्टरला सांगितलं, विळा लागला. मोटर चालू असताना टाकी भरायला गेला होता म्हणे. ते मला वेळेत कळलं असतं, तर दहा गावांना सांगता आलं असतं. माझ्या त्या एका दुपारच्या आवाजानं ते बंद झालं. हे मी विसरू शकत नाही.

म्हणून या ताईच्या पडवीत बसून तिचा अहवाल तिच्याच शब्दांत लिहून घेतला, मराठीत, आणि नंतर पोर्टलवर भरायला मदत केली. ७२ तास उलटून गेले होते, तेही खरं खरं लिहिलं. फुगलेली बॅटरी आणि पुरवठादाराचं उत्तर, दोन्ही वर कळवलं. सही करताना ती म्हणाली, 'तुमी आपल्यातलं हाय म्हनून सांगितलो.' बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. तिथं माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर बॅटरी बोदांतच राहिली असती.

तेव्हापासून एक पान तयार केलंय. एका बाजूला मराठी, मागच्या बाजूला कन्नड. त्यात बॅटरी कुठं ठेवायची, परतीची उंची कशी बदलायची, लोखंडी ट्रॉलीच्या शेजारून ड्रोन का उठवायचा नाही (होकायंत्र बिघडतं), आणि ४८ तास सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात. मराठी कशाला असं विचारणारे भेटले, कन्नड कशाला असं विचारणारेही भेटले. अथणीकडच्या एका कन्नड काकांनी मात्र दोन्ही बाजू वाचल्या आणि मराठीतली एक शुद्धलेखनाची चूक काढून दिली.

बेंगळुरूला आमच्याकडं आता माणसं घेऊन सरळ वर उठणाऱ्या विजेच्या विमानांची चर्चा चालते. २०२४ मध्ये त्यांच्या तळांसाठी मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. मी त्या बैठकांत बसतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती खोली येते. तिथंही बॅटरीच आहे, आणि खाली कुणाचं तरी घर आहे.

आता पुतण्याचं. त्या ड्रोनला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला मान्यता असल्याचा दाखला, आहे का, हे आधी विचारायला सांग. नसेल तर युनिक नंबर, म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक, मिळत नाही, आणि नंबरशिवाय तो उडवणं बेकायदा. 'कागद मागनं' होतच नाहीत, विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. स्वतःचं प्रशिक्षण आधी, यंत्र नंतर. थर्ड पार्टी विमा हवाच. फवारणीचा ड्रोन २ किलोच्या वरचा, तेव्हा पायलटच्या सर्टिफिकेटला सूट नाही. कर्ज काढायच्या आधी त्याला माझ्याकडं पाठव. मी गुरुवारपर्यंत इथंच आहे, कुठला ड्रोन घ्यावा हे मला सांगता येणार नाही, पण काय बघावं ते सगळं दाखवतो. त्या ताईच्या गावालाही घेऊन जाईन. नव्या बॅटऱ्या आल्यात, ती परत उडवायला लागली आहे, आणि तो माड तिला विचारला तर ती स्वतः दाखवते.

वहिनींना नमस्कार, काकींच्या गुडघ्याचं कळव. आणि विसरायच्या आत, त्या शहरातल्या माणसानं नमुना म्हणून बॅटरी दिली असेल, तर पोराला सांग, ती पिशवीत घालून बसमधून आणू नको. फोटो काढून आण, तेवढा पुरे.

तुझाच,
दोस्त