दाराला लावलेली खुर्ची

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा तू कुजबुजत होतीस. पिल्लू झोपलंय म्हणून, असं तू म्हणालीस. पण पिल्लू जागं असतं तरी तू तशीच बोलली असतीस, हे मला कळलं. बाहेर हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये कुणीतरी बराच वेळ उभं राहून बोलत होतं आणि तू टेबलाजवळची खुर्ची ओढत नेऊन दाराच्या मुठीखाली अडकवली होतीस. वर बॅग. मी तेव्हा फार बोलले नाही. रात्री बाराच्या सुमाराला सल्ले देणारी आई कुणालाच नको असते. पण तुझे अजून चार मुक्काम बाकी आहेत, म्हणून आज लिहायला बसले.

खुर्ची लावलीस म्हणून मी हसणार नाही. मीही लावली आहे. पण लावल्यावर एक गोष्ट करून बघायची असते, ती मला फार उशिरा सुचली. दिवा मालवायचा, पिल्लाला कडेवर घ्यायचं आणि दार उघडून बघायचं. तुझ्याकडे एकच हात मोकळा आहे. दुसरा हात या सबंध प्रवासात तुझा नाहीच, तो पिल्लाचा आहे. त्या एका हाताने, अंधारात, धूर नाकात जात असताना ती खुर्ची, ती बॅग, वरची कडी आणि खालचं कुलूप हे सगळं निघतं का? नसेल निघत, तर तू बाहेरच्या माणसाला अडवलं नाहीस, स्वतःला कोंडून घेतलंस.

दार बंद असण्याची भीती तुला वाटते. मला उलटी वाटते, आणि त्याचं कारण तूच आहेस. तुला आठवणार नाही, तू तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होतीस. कामासाठी मी तुला घेऊन एकटीच एका हॉटेलात उतरले होते. सकाळी सफाईची गाडी दारावरून जाताना दिसली म्हणून टॉवेल मागायला एक पाऊल बाहेर टाकलं. एकच. मागे दार आपोआप लागलं. किल्ली आत टेबलावर, तू आत, मी अनवाणी कॉरिडॉरमध्ये. सफाईवाल्या बाईंकडे त्या मजल्याची किल्ली नव्हती, त्या खाली धावल्या. मी दाराशी जमिनीवर आडवी झाले आणि फटीला तोंड लावून तुला हाका मारल्या. थोड्या वेळाने फटीतून तुझी तीन बोटं बाहेर आली. मी त्यांना माझं बोट लावलं. तुला तो खेळ वाटला. बोटं आत जायची, पुन्हा बाहेर यायची. मी मुद्दाम खेळ चालू ठेवला, कारण जोवर बोटं फटीत होती तोवर तू खिडकीशी नव्हतीस, नळाशी नव्हतीस, किटलीच्या वायरीशी नव्हतीस.

माणूस किल्ली घेऊन आला आणि मग माझ्या ध्यानात आलं की दार आतल्या बाजूला उघडतं आणि तू दाराला चिकटून बसली आहेस. त्याला थांबवलं. तो वैतागला. तुला सांगितलं, जा, पलंगावरची बाहुली आईला दाखवायला आण. पावलं दूर गेल्यासारखी वाटली तेव्हा त्याला म्हटलं, आता हळूच. पाच-सहा मिनिटांचा प्रकार असेल. पण त्यानंतर आजतागायत कुठल्याही हॉटेलात मी किल्ली टेबलावर ठेवलेली नाही.

तूही ठेवू नकोस. आता कार्ड असतं. ते गळ्यात अडकव, झोपताना उशीशी ठेव. दाराबाहेर डोकं काढायचं असेल तरी पिल्लू कडेवर. ते शक्यच नसेल तर दाराची आडवी लोखंडी कडी आधी बाहेर वळवून ठेव, म्हणजे दार चौकटीला टेकतं पण लागत नाही. आणि त्या दाराची मूठ खाली दाबायची असेल तर तुझं पिल्लू ती दाबू शकतं, हे धरूनच चाल. चालायला लागलेलं मूल आज जे करू शकत नाही ते उद्या सकाळी करतं. पहाटे तू गाढ झोपेत असताना ते कॉरिडॉरमध्ये निघून जाऊ नये, यासाठीसुद्धा वरची कडी लावायची असते.

खुर्चीऐवजी दाराखाली सरकवायची रबरी पाचर घे. मुठीएवढी असते, बॅगेत जागा खात नाही. दार आत उघडणारं असेल तरच तिचा उपयोग, आणि अगदी गुळगुळीत फरशीवर ती सरकते, म्हणून लावल्यावर दार ओढून बघ. काढताना पायाने एक फटका मारला की निघते, हात लागत नाही. म्हणून ती खुर्चीपेक्षा बरी. मात्र दोघंही आत असतानाच लाव. आतून फिरवायचं कुलूप लावलेलं असलं तरी बऱ्याच हॉटेलांकडे ते बाहेरून उघडायची आणीबाणीची किल्ली असते. तुला ते ऐकून धास्ती वाटेल. मला मात्र हायसं वाटतं. कधी पिल्लाने आतून लावून घेतलं आणि तू बाहेर राहिलीस, तर तीच किल्ली कामाला येते.

बाजूच्या खोलीत उघडणारं दार असेल तर ते आत शिरल्या शिरल्या ढकलून बघ. लोक त्याला भिंतीचाच भाग समजतात. खिडकी आणि बाल्कनीच्या दाराची खिटीही तेव्हाच.

स्वागतकक्षावर थोडी आगाऊ वागलीस तरी चालेल. तिथल्या माणसाने रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा तुझा खोली नंबर उच्चारला, तर सरळ दुसरी खोली माग आणि नंबर कागदावर लिहून द्या म्हणून सांग. यात कसलाही आगाऊपणा नाही खरं तर, पण तुला वाटेल म्हणून म्हटलं. तळमजला शक्यतो नको, बाहेरून खिडकीशी येता येतं. फार उंचही नको. प्रवासात सुरक्षिततेचा सल्ला देणारे तिसरा ते सहावा मजला म्हणतात, कारण त्याच्या फार वर अग्निशमन दलाच्या शिड्या सगळीकडे पोचतीलच असं नाही. आणि न बोलावता कुणी दार वाजवलं, तर उघडायचं नाही. दाराआडून विचारायचं आणि खोलीतल्या फोनवरून खाली खात्री करायची की तुम्ही कुणाला पाठवलंय का. खरा कर्मचारी असेल तर त्याला दोन मिनिटं थांबायला काही होत नाही.

आता मी म्हणते ते कदाचित तुला पटणार नाही. कॉरिडॉरमधला तो माणूस बहुधा बायकोशी भांडत असेल आणि आता घोरत असेल. तुझ्या पिल्लाला त्या रात्री जो धोका होता तो तुझ्या बाजूला, दाराच्या आत होता, साधारण दोन-अडीच फूट उंचीवर.

खोलीत गेलीस की बॅग दाराशी ठेव, पिल्लाला पट्ट्याच्या झोळीत छातीशी बांधलेलं असू दे, आणि गुडघ्यांवर बसून खोली बघ. खरंच बस, वेडेपणा वाटला तरी. उभं राहून दिसत नाही ते तिथून दिसतं. पलंगाखाली आधीच्या पाहुण्याची गोळी पडलेली असते. नाणं असतं, केसांची पिन असते. छोट्या रिमोटमध्ये कधी कधी बटणासारखी चपटी बॅटरी असते, तिचं झाकण सैल असेल तर रिमोट उंच कपाटावर टाकून दे. ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, आणि अशा वेळी वाट बघत बसायचं नसतं, तडक रुग्णालय. पडद्याची लोंबती दोरी उंच बांध. किटलीची वायर टेबलावरून खाली आलेली असेल तर किटली कपाटात जाऊ दे. टीव्ही नुसता खणांच्या कपाटावर ठेवलेला असेल तर पिल्लू खण उघडून त्यावर पायऱ्यांसारखं चढेल आणि सगळं अंगावर घेईल. असं कपाट असेल तर खणांसमोर तुझी जड बॅग लाव. खिडकीखाली पलंग किंवा खुर्ची असेल तर सरकव, आणि बाल्कनीतलं फर्निचर आत घे किंवा बाल्कनी बंदच ठेव. मी बंदच ठेवली असती. गजांमधलं अंतर 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर लहान मूल त्यातून जाऊ शकतं, पण मोजपट्टी घेऊन कोण फिरतं?

पाणी तर सगळ्यात वाईट. घरातल्या नळाचा अंदाज तुला आहे, हॉटेलातल्या नळाचा नाही. पाणी 60 अंशांचं असेल तर मोठ्या माणसाची कातडी सुद्धा पाचेक सेकंदांत गंभीर भाजते, लहानाची त्याहून लवकर. म्हणून टबात आधी थंड, मग गरम, कोपर बुडवून बघायचं आणि मगच पिल्लू. टबात इंचभर पाणी उरलं असेल तरी त्याला एकटं सोडायचं नाही. फोन वाजला तर वाजू दे. अंघोळ झाली की टब रिकामा. बाथरूमच्या दारावर वरून एक टॉवेल टाकून ठेव. दार मग पूर्ण लागत नाही, बोटं चेमटत नाहीत आणि पिल्लू आतून कडी लावून घेत नाही.

आणि तुझी अंघोळ? हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि एकट्या आईचा दिवस त्याच्यावर अडतो. मी तुला रिकाम्या, कोरड्या टबात खेळणी देऊन बसवायची आणि शेजारी बेसिनपाशी अंग पुसून घ्यायची. केस धुणं घरी गेल्यावर. हॉटेल पाळणा देत असेल तर तो बाथरूमच्या दारात ओढ, दार सताड उघडं ठेव आणि गाणं म्हणत आटप. पाळणा मिळाला की त्याची गादी दाबून बघ. ती घट्ट हवी, आणि गादी नि कड यांच्यात फट नको. पिल्लू तुझ्याजवळच झोपणार असेल तर त्याच्या बाजूला चादरीखाली टॉवेलची वळकटी सार.

आगीचं एकच काम, पण ते पोचल्या पोचल्या करायचं. खोलीपासून बाहेरच्या जिन्यापर्यंत मधे किती दारं आहेत ते मोज. पिल्लाला घेऊन मोज, त्याला आवडेल; एक, दोन, तीन करत दाराला टपली मारत जाऊ दे. धुरात पाटी दिसत नाही, भिंतीला हात लावून दारं मोजत जावं लागतं. भोंगा वाजला तर आधी दाराला तळहाताची पाठ लाव. गार असेल तर बाहेर, कार्ड घेऊन, लिफ्ट सोडून जिन्याने. गरम असेल तर दार उघडायचंच नाही; फटीत ओले टॉवेल कोंबायचे, फोनवर आपण कुठल्या खोलीत आहोत ते सांगायचं आणि खिडकीशी थांबायचं. झोळी, चपला, फोन आणि कार्ड पलंगाच्या एकाच बाजूला, हाताशी. पिल्लू झोळीत गेलं की तुझे दोन्ही हात परत तुझे होतात.

एवढं सगळं करूनही रात्री दचकशील. परकी खोली परके आवाज करते. दिवे मालवल्यावर दोन मिनिटं नुसती ऐकत पडून राहा आणि प्रत्येक आवाजाला नाव दे: हा फ्रिज, ही लिफ्ट, हे वरच्या खोलीतलं पाणी. ज्याला नाव देता आलं नाही, तो उठवत ठेवतो. बाथरूमचा दिवा चालू ठेव, दार थोडं किलकिलं.

आणि काल जे करायला हवं होतं ते पुढच्या वेळी कर. खोलीतला फोन उचल आणि सांग, माझ्या दाराबाहेर कुणीतरी उभं आहे, बघायला माणूस पाठवा. त्यासाठीच रात्रपाळीवर कुणीतरी जागं असतं. त्यांना त्रास होईल म्हणून तू माझ्यासारखी खुर्ची ओढत बसलीस. हा स्वभाव तू माझ्याकडून घेतलास, त्याबद्दल माफ कर.

उद्या नव्या हॉटेलात पोचलीस की मला खोलीचा नंबर कळव. फोनवर बोलून नको, लिहून पाठव. आणि त्याच्याखाली जिन्यापर्यंत किती दारं लागली तेही लिही. पिल्लाने किती मोजली ते वेगळं.

तुझी,
आई