मागची गाडी सुटली तर?

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही दोघं इकडे आलात की आमच्या गाडीमागे ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून फिरायला जायचं ठरलंय. त्यावर रविवारी फोनवर तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "मागची गाडी सुटली तर?" आणि मी घाईघाईत म्हणाले, "नाही सुटत हो." ज्या माणसाने इगतपुरीच्या यार्डात आयुष्यभर गाड्या जोडल्या आणि सोडल्या, त्याला असं उत्तर द्यायला नको होतं. म्हणून आज डेन्व्हरला बर्फ पडतंय, घरी शांतता आहे, तर बसून सगळं नीट लिहिते. आई, तूही पूर्ण वाच. अर्धं पत्र तुझ्यासाठी आहे.

आधी एक लपवलेली गोष्ट सांगते. गेल्या वर्षी आम्ही ट्रेलर घेतला आणि पहिल्याच फेरीत कोलोरॅडो स्प्रिंग्जकडे उतरताना तो हेलकावे खायला लागला. गाडी मीच चालवत होते. बाजूने एक मोठा ट्रक पुढे गेला, त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि मागचं धूड आधी थोडं, मग जास्त, मग अजून जास्त असं डावी-उजवीकडे फिरायला लागलं. आमच्या गाडीचं मागचं अंगही त्याच्याबरोबर ओढलं जात होतं. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि तिथेच घात होतो. पुढची गाडी थांबायला बघते, मागची ढकलत येते आणि दोन्ही आडव्या होतात. मी ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि डॅशबोर्डखाली ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा खटका असतो तो हाताने दाबला. फक्त मागच्या गाडीला ब्रेक लागला, ती ताणली गेली आणि सरळ झाली. त्या रात्री तुम्हाला फोन केला तेव्हा आई म्हणाली होती, "आवाज असा का येतोय तुझा?" मी सर्दी झाली म्हणून सांगितलं. ते खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी कारण शोधलं. चूक माझीच होती. दोन सायकली मी मागच्या टोकाला टांगल्या होत्या, आणि पाण्याची टाकी मागे असते ती काठोकाठ भरली होती. आई, निफाडला आजोबा बैलगाडीत कांद्याच्या गोण्या भरताना काय ओरडायचे आठवतं? "मागं नको, उलाळ होईल!" मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेवर भारच राहत नाही. इथेही तेच. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर, म्हणजे तो दांडा ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या ज्या लोखंडी गोळ्यावर टेकतो त्याच्यावर, यायला हवा. त्याहून कमी झाला की शेपूट हलायला लागतं. वजनकाट्यावर नेलं तेव्हा कळलं की २,२०० किलोच्या ट्रेलरचे जेमतेम १५० किलो पुढे येत होते. सात टक्केसुद्धा नाहीत. आजोबा बोट लावून सांगायचे ती गोष्ट मी काट्यावर शिकले.

आता मी प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर जाते, आपल्याकडे लासलगावला ट्रॅक्टर काट्यावर चढतात तशी. सगळं सामान भरून ट्रेलर २,२७० किलो भरतो आणि दांड्यावर २७५ किलो येतात. जड वस्तू चाकांच्या थोड्या पुढे आणि खाली ट्रेलरच्या तळाशी ठेवते. सायकली या वेळी घरीच राहतील.

आई, आता तुझ्या बॅगांचा हिशोब. ओढणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळी चिठ्ठी असते. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते तिच्यावर छापलेलं असतं. आमच्या गाडीला ६८० किलो. लोकांना वाटतं की गाडी किती टन ओढते ते बघितलं की झालं. पण दांड्याचे २७५ किलो याच ६८० मधून जातात. जोडणीच्या लोखंडाचे ३५. आपण चौघं मिळून २६५ धरले. उरले १०५ किलो. त्यात पाण्याचे कॅन, खाऊ, तुमची औषधं, खुर्च्या. म्हणून लोणच्याच्या बरण्या आण, गोडा मसाला आण, पण पितळी खलबत्ता यंदा नको. तू आणायचं ठरवलंयस हे मला धाकट्याने सांगितलं.

बाबा, आता जोडणी. गाडीचा नुसता गोळा आणि त्यावर टेकवलेली ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाची वाटी एवढ्यावर आम्ही भागवत नाही. २७५ किलो गाडीच्या पार मागच्या टोकावर बसले की मागचं अंग दबतं आणि पुढचं उचललं जातं. पुढच्या चाकांवर भार कमी म्हणजे स्टिअरिंग हलकं आणि ब्रेकही कच्चे. म्हणून जोडणीत दोन लांब स्प्रिंगी पोलादी दांडे असतात. ते ताणून ट्रेलरच्या चौकटीला अडकवले की तरफेसारखं काम करतात आणि मागे साचलेला भार थोडा पुढच्या चाकांवर, थोडा ट्रेलरच्या चाकांवर वाटून देतात. ते बरोबर बसले की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, टेपने मोजायचं. पुढच्या चाकाच्या कमानीची उंची जमिनीपासून घेतली. ट्रेलर जोडण्याआधी ९२ सेंटीमीटर, ट्रेलर टेकवल्यावर ९५, दांडे ताणल्यावर ९३. वाढलेल्या तीनपैकी दोन परत आले. आमच्या गाडीच्या पुस्तकात निम्मे तरी परत यावेत असं आहे. पहिल्या वेळी एकच परत येत होता, तेव्हा जोडणीचं डोकं थोडं तिरकं करून बसवलं आणि पुन्हा मोजलं. अख्खा शनिवार गेला, पण तो दिवस सार्थकी लागला. हेच दांडे घर्षणाने हेलकावेही आवरतात. मात्र सामान उलाळ भरलं असेल तर त्यांच्यावर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे.

गोळ्याच्या मापाचंही सांगते, कारण जुनी कपलिंग हातात घेऊन तुम्ही आधी मापच बघायचात. इथे २ इंची आणि २ पूर्णांक ५/१६ इंची असे दोन गोळे जास्त चालतात. मोठ्या वाटीत छोटा गोळा घातला तरी तो बसल्यासारखा वाटतो, खटकाही लागतो, आणि पुढे कुठल्यातरी खड्ड्यात वाटी उडून निघते. म्हणून वाटीवरचा आणि गोळ्यावरचा आकडा मी प्रत्येक वेळी वाचते. खटका लावला, त्यात पिन घातली की ट्रेलरच्या पुढच्या जॅकने दांडा वर उचलते. गाडीचं मागचं अंग त्याच्याबरोबर वर आलं तर वाटीने गोळा खरा धरलाय. नाही आलं तर सोडायचं आणि पहिल्यापासून जोडायचं.

तरीही सुटली तर? दांड्याखालून दोन साखळ्या एकमेकींना कातरीसारख्या ओलांडून गाडीला लावलेल्या असतात. वाटी निसटली तर दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. वळताना ताणणार नाहीत आणि रस्त्यावर घासणार नाहीत इतक्याच त्या सैल ठेवायच्या. साखळ्याही तुटल्या तर एक बारीक तार आहे. ती साखळ्यांना नाही, स्वतंत्रपणे गाडीच्या चौकटीला लावायची. ट्रेलर दूर गेला की ती तार एक पिन उपसते आणि ट्रेलरच्या चारही चाकांना विजेचे ब्रेक लागतात.

इथे मला तुमची फार आठवण आली. रेल्वेत गाडी तुटली की ब्रेक पाइपमधली हवा जाते आणि ब्रेक आपोआप लागतात, हे तुम्ही मला शाळेत असताना इगतपुरीच्या क्वार्टरच्या ओट्यावर समजावलं होतं. तिथे शक्ती गेली की ब्रेक लागतो. ट्रेलरचं उलट आहे. इथे ब्रेक लागायला ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीत जीव हवा. बॅटरी उतरलेली असेल तर पिन निघूनही काहीच होणार नाही, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. म्हणून निघण्याआधी मी बॅटरी मोजते, गाडी आणि ट्रेलरमधली वायर काढून पिन उपसून बघते आणि गाडी हळूच पुढे घेते. चाकं अडली पाहिजेत. तुम्ही हवेचे पाइप जोडल्यावर गार्डाच्या डब्यातल्या गेजवर प्रेशर येईपर्यंत गाडी सोडू द्यायचा नाहीत, ती ही तपासणी.

दिवे, इंडिकेटर, नटांचे आटे, टायरांची हवा हे सगळं थंड गाडीवर बघून होतं. पहिल्या ८० किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळते. वेग ताशी ९५ किलोमीटरच्या वर नेत नाही, कोणी मागून कितीही हॉर्न वाजवला तरी.

आपण ग्लेनवूड स्प्रिंग्जला जाणार आहोत. तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत, आईच्या गुडघ्यांना बरं वाटेल. वाटेत आयझेनहॉवर बोगदा लागतो, सुमारे ३,४०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. म्हणून दोघंही निघण्याआधी नाशिकरोडला डॉक्टरांना विचारून या, उंचीचा आकडा त्यांना सांगा. बोगद्यानंतरचा उतार लांब आहे. कसाऱ्याचा रेल्वेचा चढ ३७ फुटांना १ फूट, त्यासाठी मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावायचे. हा रस्ता त्याहून बराच उभा. पण घाटात सुटलेली गाडी वळवून थांबवायला कॅच सायडिंग असतं ना, तसे इथेही ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी डोंगरावर चढणारे खडीचे रस्ते काढून ठेवलेत. आपल्याला ते लागू नयेत म्हणून मी बोगद्यातून बाहेर पडतानाच खालच्या गिअरवर येते. ब्रेक दाबून धरत नाही, थोडा दाबते, पूर्ण सोडते, त्यांना थंड होऊ देते.

आणि आई, चालत्या ट्रेलरमध्ये पलंगावर आडवं व्हायचं तुझ्या मनात आहे, ते नाही जमणार. अनेक राज्यांत कायद्यानेच मनाई आहे, आणि नसती तरी मी तुला तिथे बसू दिलं नसतं. तू पुढे माझ्याशेजारी, पट्टा लावून. दर दोन तासांनी थांबू, ट्रेलर उघडू, तू पाय पसर, चहा आपल्याच गॅसवर करू.

बाबा, एक काम तुमच्यासाठी राखून ठेवलंय. जोडून झालं की मी बाजूला होईन. तुम्ही हात लावून बघायचं, खटका, पिन, साखळ्या, तार, याच क्रमाने. खाली वाकायचं नाही, त्यासाठी छोटं स्टूल घेऊन ठेवलंय. तुमच्या तोंडून "सोडा" आलं की मगच गाडी हलेल. तुमचा तो जुना टॉर्च चालत असेल तर बॅगेत टाका, सेल काढून. आणि अजून काही मनात असेल तर कागदावर लिहून ठेवा, रविवारी सकाळी फोन करते.

तुमची,
थोरली