मुलांचा वैताग ऐकून घ्या

१७ ऑगस्ट २०२१ पासून शाळा सुरू करण्याच्या राज्याच्या शालेय शिक्षण विभागाच्या निर्णयाला करोनाविषयक कृती दलाच्या, म्हणजे सरकारला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या गटाच्या, आक्षेपानंतर स्थगिती मिळाल्याचे वृत्त वाचले. संसर्गाची भीती खरी आहे, त्यामुळे स्थगितीला माझा विरोध नाही. परंतु मार्च २०२० पासून घरात अडकलेल्या मुलांना आधी तारीख सांगायची आणि लगेच ती मागे घ्यायची, याचा त्यांच्या मनावर काय परिणाम होतो, याची चर्चा कुठेच होत नाही.

आमच्या शेजारचा मुलगा यंदा आठवीत आहे. आखूड झालेल्या पँटची शिवण उसवून आईने ती लांब करून ठेवली होती. निर्णय फिरल्याचे कळताच त्याने दप्तर भिरकावले आणि ‘एवढं काय आभाळ कोसळलं?’ हे वर घरच्यांकडून ऐकून घेतले. या चिडण्याला आपण उर्मटपणा म्हणतो किंवा हातात मोबाइल देऊन ते गप्प करतो. दोन्हींमुळे वैताग आतल्या आत साठत जातो. ‘तुला राग येणं साहजिक आहे, आम्हालाही कंटाळा आलाय’ एवढे म्हटले तरी मूल बोलू लागते. जेवणाची, झोपेची, खेळाची वेळ ठरलेली असली की अनिश्चिततेतही त्याला आधार मिळतो.

शाळांनीही ऑनलाइन तासाची पहिली दहा मिनिटे अभ्यासाविना, निव्वळ गप्पांसाठी द्यावीत. आणि शिक्षण विभागाने पुढची तारीख कृती दलाशी एकमत झाल्यावरच जाहीर करावी.

– एक पालक, पुणे