फिजिओथेरपीच्या मॅडमना, एका ड्रायव्हरकडून

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. डिस्चार्जच्या दिवशी तुमचे आभार मानले होते, पण ते रीतीपुरते. तुम्ही काय काय केलंत ते त्यानंतरच्या वर्षांत उमगत गेलं, म्हणून आज चारचौघांसमोर लिहितोय.

कसारा घाट उतरल्यावर विनादिवा उभ्या असलेल्या कंटेनरवर माझी गाडी आदळली. उजवा गुडघा डॅशबोर्डवर बसला आणि खुब्याचा गोळा मागे निसटला. ऑपरेशनने हाड जागेवर आलं, पण खुब्यामागून जाणारी मोठी नस दुखावली ती दुखावलीच. पाऊल वर उचलेना. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "हाड जुळलं ना, मग झालं!" तुम्ही मात्र स्टूल ओढून बसलात आणि माझ्या भाषेत सांगितलंत, "इंजिन चांगलं आहे हो, वायरिंग तुटलंय. नस वाढली तरी दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. खुब्यापासून पावलापर्यंतचा हिशोब तुम्हीच करा." हिशोब अडीच वर्षांच्या घरात गेला. वर हेही म्हणालात की इतकं थांबूनही पाऊल पूर्ण उचलेल असा शब्द मी देणार नाही. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पण त्या खरं बोलण्यामुळेच बाबा-बुवा, मालिशवाले यांच्यामागे आमचा पैसा गेला नाही.

मग तुम्ही एकेक गोष्ट शिकवलीत. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही, डाव्या हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. तळव्याला गरम-गार कळत नाही, म्हणून बादलीत पाय घालण्याआधी हात बुडवून बघायचा. रात्री स्प्लिंट, म्हणजे पाऊल वर धरून ठेवणारा पट्टा, काढल्यावर आरसा धरून तळवा तपासायचा. हे शेवटचं मला उगाच वाटायचं, पण एकदा चपलेत खडा जाऊन जखम झाली होती आणि मला पत्ताच नव्हता. आरशात दिसली म्हणून वेळेवर मलमपट्टी झाली. बायकोलाही तुम्ही बाजूला घेऊन सांगितलंत की यांना सगळं हातात देऊ नका. तिचेही आभार तुम्हालाच पोचवतो.

सगळ्यात मोठे उपकार तुम्ही लिहून दिलेल्या दोन पानांचे. अपघाताच्या भरपाईचा माझा दावा चालू होता. डॉक्टरी दाखल्यावर पायाचं 45 टक्के अपंगत्व लिहिलं होतं. समोरचे वकील म्हणाले, म्हणजे अख्ख्या शरीराचं त्याहून कितीतरी कमी, बसून काम करता येईल. तुम्ही मला चालवून, बसवून, उठवून बघितलंत आणि लिहून दिलंत: पाऊल ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरवर हे याच्या तळव्याला कळत नाही, आणि पेडलवरून ते वेळेवर उचललंही जात नाही. आमच्या वकिलांनी त्याला सर्वोच्च न्यायालयाचा राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा 2010 चा निकाल जोडला. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल, पण ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडते, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. अपघात दावा न्यायाधिकरणाने माझं नुकसान दाखल्यावरच्या आकड्यावर नाही, माझ्या धंद्यावर मोजलं. त्या पैशांत मुलीचं शिक्षण अडलं नाही. ज्यांच्या केसेस चालू आहेत त्यांनी हे वाचाच, आणि आपण कोणतं काम करत होतो, त्यातलं आता काय जमत नाही, हे जाणकाराकडून लिहून घ्या.

आता मी एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात बसतो. शिर्डी-त्र्यंबकच्या गाड्यांचं बुकिंग बघतो. खाली मांडी घालता येत नाही, पंगतीला खुर्ची लागते. नाशिकच्या थंडीत खुबा रात्रभर ठणकतो, पायातून करंट गेल्यासारखी कळ येते. दुसऱ्याच्या शेजारी गाडीत बसलो की घाटात अजून घाम फुटतो. तेही तुम्ही आधीच सांगितलं होतंत, की भीती पायाच्या आधी जाणार नाही, तिच्यासाठीही डॉक्टर असतात, लाजू नका. गेल्या वर्षी गेलो. फरक पडतोय.

एक काम आहे. सिन्नरकडचा एक तरुण ड्रायव्हर पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतोय, त्याचंही पाऊल असंच पडलंय. घरचे त्याला रोज "बरं होईल" म्हणतात. त्यालाही स्टूल ओढून खरं काय ते सांगा. आणि काठी उजव्या हातात धरतो, मी सांगून थकलो, तुमचं ऐकेल.

तुमचा,
तीन नंबर कॉटवरचा पेशंट